भट्टीचा डबा

नारपोली,
१३ जानेवारी

दादूस,

फोन बंद ठेवलास म्हणून कागद घेतला. दामू रोज गणेशपुरीच्या गाडीनं भिवंडीला कामाला येतो-जातो, त्याच्या हाती धामणकर नाक्यावर ही चिठ्ठी देते आहे. सोबत आईसाठी तिळगूळ आहे. तुझ्यासाठीही आहे, पण 'गोड बोल' म्हणायचं माझं तोंड नाही आणि तुझीही ऐकायची तयारी नसेल.

आईशी बोलले. म्हणाली, "भूपेश काय बोलत न्हाय. जेवतो नि बावीवर जाऊन बसतो." सुट्टी घेतली असं तू तिला सांगितलंस म्हणे. सव्वीस वर्षांत सुताला खळ लावायच्या त्या सायझिंगमधून चार दिवसांची सुट्टी न घेतलेला माणूस विहिरीच्या काठावर बसतो, हे तिला कळत नसेल असं समजू नकोस. आपली आई शाळेत गेली नाही, एवढंच.

तुला वाटतंय, मी सायझिंगच्या शेठवर डूख धरून हे केलं. तर कसं झालं ते ऐक.

माझ्या चौथीच्या वर्गाला कॉम्प्युटरवर एक पाठ आहे. पडद्यावर घंटागाडी येते, तिच्यातून एकेक वस्तू पडते आणि मुलांनी ती माउसनं ओढून योग्य डब्यात टाकायची. हिरव्यात ओला कचरा, निळ्यात सुका, काळ्यात धोक्याचा. बरोबर टाकलं की डबा हसतो, चुकलं की मान हलवतो आणि भोंगा वाजतो. तुमच्या भट्टीवरच्या यूनुसची नूरी त्या दिवशी पहिल्या कॉम्प्युटरवर होती. केळ्याची साल, वर्तमानपत्र, घड्याळातला सेल, सगळं पटापट टाकलं तिनं. मग पडली चिंदी. ती चिंदी घेऊन पोरगी पडद्यावर गोल गोल फिरत राहिली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "बाई, भट्टीचा डबा कुठं हाय?"

म्हटलं, असा डबा नसतो. चिंदी निळ्यात जाते, तिच्यापासून पायपुसणी होतात, गाद्या भरतात. पोरगी हट्टाला पेटली. "माझे अब्बा रोज भट्टीत टाकतात. चिंदी पण, पन्न्या पण. कॉम्प्युटरला म्हाईत न्हाय." वर्ग हसला. आणि मग तेहतीसपैकी वीस हात वर झाले. आमचे मामा पण टाकतात, आमचे चाचा पण. तो पाठ कुठल्या तरी दूरच्या शहरात बसून कुणीतरी बनवलेला. भिवंडीचं उत्तर त्याच्यात घातलेलंच नव्हतं.

म्हणून मी मुलांना म्हटलं, आपल्या गल्लीतला कचरा खरोखर कुठे जातो ते बघून या, फोटो आणा, आपण स्लाइड शो करू. नूरी दुपारी बापाला डबा द्यायला सायझिंगमध्ये जाते. आईच्या मोबाइलवर तिनं बावीस सेकंदांचा व्हिडिओ आणला. वाकडातिकडा. यूनुसचे हात, चिंदीचं बोचकं, प्लास्टिकच्या निळ्या पन्न्या, भट्टीचं उघडं दार. केंद्रशाळेच्या प्रदर्शनात तो लागला, कुणीतरी मोबाइलवर उतरवून घेतला आणि दोन दिवसांत गावभर झाला. तिसऱ्या दिवशी प्रदूषणवाले आले आणि सायझिंगला सील लागलं.

शेठनं लिहून दिलं की आमच्याकडे वाफेसाठी फक्त लाकूड जाळायचा नियम आहे, भट्टीवाल्यानं आपल्या मनानं कचरा जाळला. खाली साक्षीदाराची सही आहे. भूपेश पाटील, सुपरवायझर. ती सही मी ओळखते. माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर बाबांच्या जागी तीच असायची.

यूनुसची नोकरी गेली. तेवीस तारखेला सुनावणी आहे. तिथे तुझं म्हणणं खरं धरलं गेलं तर त्याचं बॉयलरचं सर्टिफिकेट रद्द होईल, आणि मग ह्या गावातली एकही भट्टी त्याला उभं करणार नाही. नूरी चार दिवस शाळेत आलेली नाही.

व्हिडिओला आवाज नाही, त्यामुळे तिथे कोण कुणाला काय म्हणालं हे कुणाला कळायचं नाही. खरं काय ते तुला ठाऊक आहे आणि यूनुसला. तेवढी सही मागे घे. मी दुसरं काही मागत नाही.

नेत्रा


नारपोली,
१७ जानेवारी

दादूस,

काल नाक्यावर दामू रिक्षाच्या रांगेत उभा होता. मला बघून त्यानं नजर चुकवली, तेव्हाच कळलं की निरोप आणलाय. म्हणाला, "भूपेशदादा बोलला, नेत्राला इचार, व्हिडिओत मी कुठं हाय?"

रात्रभर ते वाक्य घेऊन पडून होते. तू माझ्याशी असा बोलशील असं वाटलं नव्हतं. आणि राग कशाचा आला सांगू? तू बरोबर तेच विचारलंस जे मला कुणी विचारू नये असं वाटत होतं.

तू आहेस व्हिडिओत, दादूस. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मूळ व्हिडिओला आवाज आहे. तो मी बंद केला.

मधल्या सुट्टीत तिसऱ्या कॉम्प्युटरवर बसून मी मुलांचे फोटो एकामागे एक लावत होते. नूरीचा व्हिडिओ आला. कानाला हेडफोन होता. मशीनच्या घरघरीतून तुझा आवाज आला. तू म्हणतोस, "यूनुस, लाकूड र्‍हाऊ दे, आधी चिंदी संपव. पन्न्या पण टाक." यूनुस म्हणतो, "भूपेशभाई, धूर काला येतो. बाजूला शाला हाय." आणि तू म्हणतोस, "शाळेला खिडक्या हायत ना? लावतील."

मी ते चार वेळा ऐकलं. पाचव्यांदा ऐकायच्या ऐवजी स्पीकरच्या चित्रावर टिचकी मारली. त्याच्यावर लाल रेघ आली आणि तू गायब झालास. तुझ्याबरोबर यूनुसही गायब झाला. म्हणजे त्याचे हात राहिले, पन्न्या टाकणारे. तो "शाला हाय" म्हणाला होता ते गेलं. ह्याचा अर्थ काय होईल हे तेव्हा मनात आलंच नाही, असं लिहिणार होते. आलं होतं. मी म्हटलं, शाळेचं प्रदर्शन ते, कोण एवढं बघतंय.

नूरीच्या लगेच लक्षात आलं. "बाई, अब्बा बोलतात ते का काढलं?" मी काय सांगितलं असेल? आवाजानं फाइल जड होते म्हणाले. नऊ वर्षांच्या पोरीनं मान डोलावली. बाई सांगतात म्हणजे तसंच असणार.

खिडक्यांचं म्हणशील तर तुझं खरंच आहे. आम्ही लावतो. अकरा वर्षं साडेबारा वाजले की "खिडक्या लावा रे" असं मीच म्हणते आहे. मुलांना आता सांगावंही लागत नाही, फळ्यावरची नजर न काढता उठतात आणि लावतात. कुठल्या भट्टीचा धूर, भट्टीत काय, हे मी एकदाही विचारलं नाही, कारण त्या भट्टीवर तू होतास. सतराव्या वर्षी तू तिथे उभा राहिलास म्हणून मी डी.एड. झाले. ज्या धुरानं मला मास्तरीण केलं त्याच्याच नावानं मुलांना धडे द्यायचे, आणि दुपारी खिडक्या लावायच्या. माझी मलाच शिसारी येते आहे.

नूरीच्या आईच्या मोबाइलमधून तो पुसला गेलाय, मूळ व्हिडिओ आता फक्त माझ्याकडे आहे. धमकी म्हणून लिहीत नाही. तू विचारलंस, कुठं हाय, म्हणून सांगितलं.

हे आईला वाचून दाखवू नकोस.

नेत्रा


नारपोली,
२० जानेवारी

दादूस,

दामू म्हणाला, चिठ्ठी घेतली, वाचली, खिशात घातली. निरोप नाही. बरं.

काल यूनुसच्या घरी गेले. नूरीच्या आईनं, रुबीनानं दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली. "बाई, तुमच्या कॉम्प्युटरनं आमचं घर खाल्लं," म्हणाली. मागून यूनुस म्हणाला, "आत येऊ दे त्यांना, चाय ठेव." नूरी पडद्याआड होती. पडद्याखाली तिचे पाय दिसत होते, पण ती बाहेर आली नाही. शाळेत 'बाई बाई' करत माझा पदर न सोडणारी पोरगी.

मी यूनुसला म्हटलं, गुरुवारी सुनावणीत सांग की हुकूम सुपरवायझरचा होता. त्यानं मान हलवली, आपल्या पाठातल्या डब्यासारखी. म्हणाला, "बाई, मी सहावी नापास. बॉयलरच्या परीक्षेला मला भूपेशभाईंनी बसवला. प्रेशर काय, सेफ्टी व्हॉल्व्ह काय, रोज ड्युटी सुटल्यावर कोळशानं भिंतीवर लिहून शिकवलं. पास झालो तेव्हा पेढे पण त्यांनीच वाटले. त्या माणसाचं नाव माझ्या तोंडून येणार न्हाय."

मला हे माहीत नव्हतं. आपल्या घरात मास्तर मी एकटीच, असं मी इतकी वर्षं समजत होते.

मग मी त्याला सांगितलं की व्हिडिओला आवाज आहे आणि तो मी काढला होता. तो रागवेल म्हणून अंग चोरून बसले होते. त्यानं विचारलं, "म्हणजे मी बोललो होतो ते पण त्याच्यात हाय?"

म्हटलं, आहे.

"शाला हाय, बोललो होतो ते?"

तेही आहे, म्हटलं. तेवढंच विचारलं त्यानं. पण रुबीना चहा गाळता गाळता थांबली आणि त्याच्याकडे बघत राहिली. घरी त्यानं तिला हे सांगितलंच नव्हतं. सांगून तरी तिचा विश्वास बसला असता का, कुणास ठाऊक. सगळ्या गावानं त्याचे हात बघितले होते.

आज शाळेत भावना मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मुख्याध्यापिका म्हणून त्यांना संस्थेकडून फोन आला असणार. म्हणाल्या, आठही कॉम्प्युटर शेठनी दिलेले आहेत, विसरू नका. तुम्ही सुनावणीला गेलात तर शाळेचं नाव घेऊ नका, आणि खरं तर जाऊच नका. मी "बघते" म्हणाले. त्या कॉम्प्युटरसाठी शेठकडे शब्द तूच टाकला होतास. मला तेव्हा किती अभिमान वाटला होता.

आता सरळ लिहिते. बुधवारी संध्याकाळपर्यंत तू भिवंडीला ये. दोघं मिळून जाऊ, तू आपल्या तोंडानं सांग, मी शेजारी उभी राहीन. नाही आलास तर मी तो आवाज ऐकवणार. तुझ्यावर केस होईल हे मला कळतं. वहिनी जन्मभर माझं तोंड बघणार नाही, आताही तिनं दार उघडलं नाही. आणि आईला काय सांगायचं हे मला सुचत नाही. तरी ऐकवणार.

ये रे दादूस.

नेत्रा


नारपोली,
२३ जानेवारी, संध्याकाळ

दादूस,

काल शेवटच्या गाडीपर्यंत नाक्यावर उभी होते. दामूसुद्धा थांबला माझ्याबरोबर. तू आला नाहीस.

आज काय झालं ते तुला नोटिशीतून कळू नये, म्हणून आधी मी कळवते आहे.

शेठ स्वतः आला नव्हता, वकील होता. यूनुस इस्त्रीचा शर्ट घालून एका कोपऱ्यात, हातात सर्टिफिकेटची प्लास्टिकची पिशवी. रुबीना आणि नूरी बाहेरच्या बाकावर. वकिलानं तुझी सही वाचून दाखवली. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी यूनुसला विचारलं, चिंदी आणि प्लास्टिक तुम्ही टाकलंत? तो म्हणाला, हो. कुणाच्या सांगण्यावरून? तो हातातली पिशवी सरळ करत राहिला. साहेब लिहायला लागले. त्यांचं पेन हललं तसा माझा धीर सुटला. मी उभी राहिले आणि म्हणाले की मूळ व्हिडिओ माझ्याकडे आहे, आवाजासकट.

पेन ड्राइव्ह दिला. तर साहेबांच्या कॉम्प्युटरला स्पीकरच नाही. शिपाई शेजारच्या खोलीत शोधून आला, तिथेही नाही. वकील हसून म्हणाला, "मग आवाज नाही असंच धरू या." दादूस, एक क्षण मला वाटलं, सुटलो. देवानंच स्पीकर काढून ठेवला. तू पण सुटलास आणि मी पण. मी प्रयत्न तर केला होता. घरी जायला हरकत नव्हती.

मग बाहेरच्या बाकावरून नूरी दारातून आत डोकावत होती, तिच्याशी नजरानजर झाली. आता हिला काय सांगणार होते मी, फाइल जड होती म्हणून?

मोबाइलमध्येही तो व्हिडिओ ठेवला होता. मोबाइल टेबलावर ठेवला, आवाज पूर्ण वाढवला. बावीस सेकंद. "लावतील" हा तुझा शब्द शेवटचा.

साहेबांनी यूनुसला विचारलं, हा दुसरा आवाज कुणाचा? यूनुसनं खाली बघून सांगितलं, "साहेब, मशीनची घरघर हाय. नीट समजत न्हाय." वकिलानं लगेच धरलं, आवाज कुणाचाही असू शकतो. साहेब माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही ओळखता?"

ह्याच आवाजानं मला पाढे शिकवले. ह्याच आवाजानं बाबा गेले त्या दिवशी मला उठवलं होतं. मी म्हणाले, "माझ्या भावाचा आहे. भूपेश पाटील."

यूनुसनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्याचा काही अपराध केला होता. वकील म्हणाला, सख्खा भाऊ? मी म्हटलं, सख्खा. मग साहेबांनी विचारलं, हा आवाज आधी का दाखवला नाहीत? तेही सांगितलं. मीच काढला होता, भाऊ होता म्हणून. त्यांनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले आणि मी खाली सही केली. पाटील घराण्याच्या दोन सह्या आता एकाच फाइलमध्ये आहेत.

तुला आठ दिवसांत म्हणणं मांडायला बोलावतील. मला शाळेची नोटीस संध्याकाळीच आली. त्याचं काही विशेष वाटत नाही. तुझं वाटतं. जेवण जात नाही.

मी केलं ते बरोबर केलं आणि मला त्याचं अतोनात दुःख आहे. दोन्ही खरं आहे.

नेत्रा


नारपोली,
३१ जानेवारी

दादूस,

यूनुसलाही परत बोलावलं होतं, तो शाळेच्या फाटकाशी येऊन सांगून गेला. परवा तू एकटाच त्या ऑफिसात गेलास, म्हणालास, आवाज माझा, हुकूम शेठचा आणि यूनुसनं मला अडवलं होतं. साहेबांनी दोनदा विचारलं, दबाव आहे का? तू म्हणालास, न्हाय. आणि खिशातून माझी पत्रं काढून टेबलावर ठेवलीस, चारही. ती फाइलला जोडू का विचारल्यावर मात्र परत घेतलीस. हे सांगताना यूनुस रडत होता. त्याचं सर्टिफिकेट राहिलं. तुझ्यावर आणि शेठवर केस उभी राहतेय, हेही त्यानंच सांगितलं. "भूपेशभाईंना वकील मी शोधतो," म्हणाला.

माझ्या नोटिशीला मी उत्तर दिलं. पुढं काय होईल ते होईल. तूर्त वर्ग माझ्याकडेच आहे.

नूरी काल आली. मी मुद्दाम तोच पाठ लावला. घंटागाडी आली, चिंदी पडली. तिनं ती धरली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, आता निळ्यात टाकू? आता खरं हाय?" मी म्हटलं, आपल्या बाजूच्या भट्टीपुरतं खरं आहे. बाकीच्या अजून बघायच्यात. तिनं टाकली आणि डबा हसला. तो कुणालाही हसतो म्हणा.

साडेबारा वाजले. तेहतीस पोरं सवयीनं उठली आणि खिडक्यांकडे गेली. मी म्हटलं, राहू द्या उघड्या. नूरी खिडकीत होती, तिथूनच म्हणाली, "बाई, तुमचे दादूस खाली उभे हायत."

मी बघितलं. तू रस्त्याच्या पलीकडे होतास, हातात कापडी पिशवी. थंड पडलेल्या चिमणीकडे बघत होतास. मग शाळेकडे बघितलंस. किती वाळलास रे. मी खाली आले नाही. वर्ग चालू होता हे कारण मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी घाबरले. घंटा झाली तेव्हा तू गेला होतास.

खिडक्या सगळ्या उघड्या होत्या, भट्टी बंद, आवाज कसला तो नाही. तू हाक मारली असतीस तर मला ऐकू आली असती. मी मारली असती तर तुला.

रविवारी सकाळच्या गाडीनं गणेशपुरीला येते आहे. आईला मी सांगेन, तू काही बोलू नकोस. तू बावीवर बसलेला असशील. मी बांधावरूनच हाक मारीन.

ओ दे.

नेत्रा